अठ्ठाई पुन्हा मांडता येते, मग परीक्षा का नाही?



पर्युषण आठवड्यावर आलंय. घरोघरी डबे घासणं, दळणं, सुकवणी काढून ठेवणं चाललं असेल. आज पाककृती नाही आणि तपाचं वेळापत्रकही नाही. आज थोडं भांडायचं आहे. तुमच्याशी आहे तितकंच माझ्या स्वतःशीही आहे.

गेल्या रविवारी व्याख्यान संपल्यावर उपाश्रयाच्या पायऱ्यांवर आम्ही पाचसहा जणी बसलो होतो. आमच्यातल्या एका बहिणीची अठ्ठाई गेल्या वर्षी पाचव्या उपवासाला मोडली होती. पित्त उसळलं, उलट्या झाल्या आणि सहाव्या दिवशी सकाळी पारणं करावं लागलं. यंदा त्या पुन्हा अठ्ठाई करणार आहेत. ते ऐकल्यावर सगळ्यांनी हात जोडले. "धन्य आहे, खूप अनुमोदना," असं प्रत्येकीने म्हटलं. गेल्या वर्षीचं कोणी उकरून काढलं नाही. "पुन्हा कशाला, जमत नाही तर राहू दे," असं एकीच्याही तोंडून आलं नाही.

दहा मिनिटांनी विषय आमच्या घरावर आला. माझ्या जाऊबाईंची नात बी. कॉम. झाली आहे. गेल्या नोव्हेंबरात तिने कॅट दिली. एम.बी.ए.ला, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांत जायचं तर द्यावी लागते ती परीक्षा. मनासारखे गुण पडले नाहीत. यंदा पुन्हा द्यायची म्हणते. मी हे सांगितलं मात्र, त्याच पायरीवर, त्याच तोंडांतून आलं, "पुन्हा? अगं, वय बघ तिचं!" "नशिबात नसेल, सोडून द्या." "आता स्थळं बघायची सोडून परीक्षा काय?"

मी तेव्हा गप्प बसले. घरी येऊन सामायिक घेतलं, पण अठ्ठेचाळीस मिनिटं मन एका जागी बसलं नाही. म्हणून आज हे लिहिते आहे.

आधी परीक्षा काय आहे ते सांगते, कारण आपण ज्याला नाही म्हणतो ते काय आहे, हे आपल्याला निदान ठाऊक हवं. कॅट वर्षातून एकदाच होते, नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी. २०२५ साली ती ३० नोव्हेंबरला होती आणि आयआयएम कोझिकोडने घेतली. फॉर्म साधारण ऑगस्टमध्ये सुटतात, सप्टेंबरपर्यंत भरता येतात. म्हणजे आपलं पर्युषण आणि हा फॉर्म एकाच सुमारास येतात. फी २०२५ साली २,६०० रुपये होती. या परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही आणि कितीदा द्यावी यालाही मर्यादा नाही. मात्र गुण एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतात. गेल्या वर्षीचे गुण यंदा कपाटात ठेवायचे, बस्स.

दोन तासांचा पेपर. इंग्रजी वाचन, आकडेवारी व तर्क, आणि गणित, असे तीन भाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. एका भागाची उरलेली मिनिटं दुसऱ्याला वापरता येत नाहीत. २०२४ साली अडुसष्ट प्रश्न होते. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात, पर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण कापतात. काही प्रश्नांत पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं असतं. ते चुकलं तर काही कापत नाहीत.

आमच्या नातीला ८६ पर्सेंटाइल मिळाले. जाऊबाईंना वाटलं ८६ टक्के मिळाले आणि त्यांनी शिरा केला. त्यांना हसू नका, आपल्यापैकी निम्म्या जणींना हा फरक ठाऊक नसतो. पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या किती जणांच्या पुढे आहात, तो आकडा. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार मुलं परीक्षेला बसली. त्या हिशोबाने ८६ म्हणजे तिच्या पुढे वरची चौदा टक्के, जवळजवळ एक्केचाळीस हजार मुलं. आयआयएम सगळ्या मिळून मोजक्याच. मोठ्या संस्थांचं बोलावणं नव्वदीच्या बऱ्याच वर सुरू होतं. एप्रिलमध्ये तिने राज्याची सीईटीही दिली. तिथे थोडं बरं जमलं, पण मुंबईच्या जमनालाल बजाजसारख्या ठिकाणी जायचं तर नव्याण्णवच्याही पुढे लागतं. हाती एका खाजगी कॉलेजातली जागा आहे. फी काही लाख, आणि तिथून बाहेर पडून नोकरी कसली मिळेल याचं उत्तर कोणी धड देत नाही.

तेव्हा तिच्यापुढे तीन वाटा आहेत. मिळते ती जागा घ्यायची, परीक्षा पुन्हा द्यायची किंवा हे सगळं सोडून द्यायचं. यातली कोणतीही बरोबर असू शकते. माझं भांडण तिने कोणती निवडावी याच्याशी नाही. निवड कोणत्या वहीत बघून होते आहे, त्याच्याशी आहे. आपण लग्नाच्या वहीत बघतो आहोत. बघायला हवी तिच्या चुकांची वही.

ती वही मी तिच्याबरोबर बसून पाहिली. कॉमर्सची आहे मी, आकडे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. गणिताच्या भागात तिने चौदा प्रश्न सोडवले, सगळे पर्यायी. सात बरोबर, सात चूक. एकवीस मिळाले, सात गेले, उरले चौदा. जे येत नव्हते त्यांना हातच लावला नसता तर एकवीस राहिले असते. म्हणजे काहीही नवीन न शिकता फक्त मोह आवरला असता तरी सात गुण वाचले असते. तर्काच्या भागात एकाच कोड्यावर अठरा मिनिटं घालवली, सुटेना म्हणून सोडवेना. इंग्रजी वाचनात कमी पडली, कारण दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि लांब उतारे वाचायची सवय नाही. पूर्ण दोन तासांचा सराव पेपर तिने आख्ख्या तयारीत चार वेळाच दिला होता.

आता सांगा, ही मुलगी "तिला जमत नाही" या खात्यात टाकायची की "तिची तयारी झाली नव्हती" या खात्यात?

आपण रोज प्रतिक्रमण करतो, निदान पाखीला आणि संवत्सरीला तरी करतोच. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणं. कुठे चुकलं ते एकेक अतिचार आठवून बोलायचं आणि पुन्हा होणार नाही असं ठरवायचं. चुकांची वही हेच करते. चुकीची आलोचना करून पुन्हा उभं राहणं हा ज्या धर्माचा रोजचा अभ्यास आहे, त्या धर्माच्या बायकांनी "एकदा चुकलं ना, मग संपलं" म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता नशिबाचं. "ज्ञानावरणीय कर्माचा उदय असेल," असं एक बहीण म्हणाल्या. मनाने चांगल्या आहेत, रागाने नाही म्हणाल्या. पण ऐका. कोणतंही कार्य पाच कारणांनी घडतं, असं आपण पाठशाळेत शिकलो: काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ. पाचही एकत्र येतात तेव्हा काम होतं. यातलं एकच उचलून बाकी चार खाली टाकणं म्हणजे एकांतवाद, आणि आपण तर स्वतःला अनेकांतवादी म्हणवतो. दुकानात मंदी आली की घरातले पुरुष "नशीब" म्हणून शटर ओढून घेतात का? नवा माल आणतात, उधारी वसूल करतात, जागा बदलतात. तेव्हा पुरुषार्थ आठवतो. मुलीच्या परीक्षेच्या वेळीच तेवढा कर्मसिद्धांत आठवतो.

आणखी एक, ते जरा कडू आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधलं जातं ते सांगितलंय. त्यात मत्सर आहे आणि अंतरायही आहे, म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानात आडवं येणं. तिच्या कर्माचा उदय आहे की नाही हे मला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही. पण तिच्या अभ्यासात आडवं येणाऱ्या आपण काय बांधतो आहोत, ते मात्र सूत्रात स्पष्ट लिहिलंय. परीक्षेच्या आधी ज्ञानपंचमी येईल. आपण पुस्तकं मांडू, वासक्षेप घालू, खमासमणे देऊ. पुस्तकाला नमस्कार करायचा आणि पुस्तक वाचणारीला "आता पुरे" म्हणायचं, हे मला पटत नाही.

ऋषभदेव भगवानांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला गणित शिकवलं, ही गोष्ट आपण नातवंडांना झोपताना सांगतो. गणित पहिल्यांदा शिकली ती घरातली लेक. आपल्या श्वेतांबर परंपरेत एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ स्त्री आहेत. हे सगळं व्याख्यानात ऐकताना आपण माना डोलावतो आणि घरी आलो की नातीच्या पर्सेंटाइलपेक्षा तिचं वय आधी मोजतो.

तर वयाचं बोलू. जाऊबाईंचा हिशोब असा: यंदा परीक्षा, पुढल्या जूनमध्ये प्रवेश, दोन वर्षांचा कोर्स, म्हणजे बाहेर पडेस्तोवर ती पंचविशीची. त्यात कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास उठतो, लग्नसराई सुरू होते आणि नेमकी त्याच महिन्यात परीक्षा. त्यांची काळजी खोटी नाही. स्थळं येतात ती बावीस-तेवीसलाच, नंतर प्रश्न विचारणारे वाढतात. पण मी त्यांना एकच विचारलं. त्यांच्या मोठ्या नातवाने सीए फायनल किती वेळा दिली? चार वेळा. दर वेळी घरात बदाम भिजले, टीव्हीचा आवाज कमी झाला, "अभ्यास चाललाय" म्हणून त्याला लग्नांना नेलं नाही. सत्ताविसाव्या वर्षी पास झाला तेव्हा आपण सगळ्यांनी त्याच्या चिकाटीचं कौतुक केलं. मीही केलं, आणि ते योग्यच होतं. मग त्याच घरात, त्याच मापाने, बहिणीला दुसरी संधी मागावी का लागते? त्याला तर चौथीही मागावी लागली नाही.

मग येतो होस्टेलचा प्रश्न. "कांदा-बटाटा कसा टाळणार, चौविहार कसा सांभाळणार?" हा प्रश्न मी हलका मानत नाही, मला स्वतःला तो पडतो. पण माझा मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा हा प्रश्न एकीनेही मला विचारला नव्हता. डबा कुठे मिळेल एवढं विचारलं. ज्या मुलीने अकराव्या वर्षी पहिला उपवास केला, जी कुकरमध्ये मूगडाळीची खिचडी लावू शकते आणि सूर्यास्ताची वेळ मोबाइलवर बघू शकते, तिच्या संस्कारांवर एवढाच विश्वास असेल, तर आपण तिला संस्कार दिले की नुसता पहारा दिला?

पैशाचं म्हणाल तर फॉर्मचे पैसे आपल्याकडे एका प्रभावनेच्या कोपऱ्यात मावतात. क्लासचा खर्च पूर्वी खरा अडसर होता. मुंबईला रोज जायचं तर पावसात गेटवेच्या लाँचा बंद, रस्त्याने वडखळची कोंडी. आता घरबसल्या मोबाइलवर शिकता येतं, सराव पेपर लॅपटॉपवर देता येतात. पुढची फी मात्र मोठी आहे. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या घरात जाते. त्यासाठी बँका शैक्षणिक कर्ज देतात आणि ते मुलगी आपल्या पगारातून फेडते. पण म्हणूनच कोणत्याही कॉलेजात काही लाख ओतून "एम.बी.ए. झाली" असं बायोडेटात लिहिण्यापेक्षा एक वर्ष थांबून बऱ्या ठिकाणी जाणं, हा हिशोब कोणत्याही दुकानदाराला कळावा.

एक वर्ष थांबायचं म्हणजे घरात बसायचं नाही, हेही सांगते. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, या वर्षात काय केलंत? बऱ्याच आयआयएम कामाच्या अनुभवाला गुण देतात, आणि अनेक ठिकाणी मुलींनाही काही जादा गुण असतात. हे चुकून घडत नाही. २०२५ ची परीक्षा घेणाऱ्या कोझिकोडच्याच संस्थेत २०१३ साली आलेल्या तुकडीत निम्म्याहून जास्त मुली होत्या. तिथे दार उघडतात आणि इथे आपण उंबऱ्यावर आडव्या बसतो.

आता अनुभवाचं बघा. आमची नात गेलं वर्षभर दुकानाचं जीएसटीचं सगळं काम करते. विक्रीचं विवरणपत्र अकरा तारखेच्या आत, ३बी वीसच्या आत. व्यापाऱ्यांची बिलं जुळवते, फरक निघाला तर फोन करते. पण तिच्या या कामाला घरात "मदत" म्हणतात. तिचा भाऊ संध्याकाळी दोन तास गल्ल्यावर बसतो, तो "बिझनेस बघतो". मदतीला अनुभवाचं प्रमाणपत्र मिळत नाही. पदवीनंतरचं, पूर्णवेळ, पगारी काम असेल तरच ते मोजतात. म्हणून मी पुतण्याला सांगितलं, तिला नेमणुकीचं पत्र दे आणि दर महिन्याला पगार बँकेत टाक. खोटं काही करू नकोस, ती जेवढं काम खरंच करते तेवढ्याचाच दे. तो आधी हसला. मी म्हटलं, तीच कामं करायला बाहेरचा माणूस ठेवलास तर काय देशील, तो आकडा सांग. मग हसायचा थांबला.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल काकूंना मुलींना नुसतं चढवायचंय. परीक्षा पुन्हा देऊ नये अशाही वेळा असतात. मन लावून, भरपूर सराव पेपर देऊन, दोनदा पूर्ण तयारी केली आणि आकडा तिथल्या तिथेच राहिला, तर थांबावं. ती अठ्ठाई मोडण्यासारखं नाही. ती आपल्या शक्तीची ओळख आहे, आणि शक्ती ओळखूनच पच्चक्खाण घ्यायचं असतं. चुकांची वही उघडायचीच नसेल आणि नुसतं "यंदा होईल" म्हणायचं असेल, तरीही देऊ नये. पहिला प्रयत्नच दुसऱ्यांदा होईल. आणि मुलीला मनापासून ते नकोच असेल, फक्त लग्नाची बोलणी लांबवायला ती फॉर्म भरत असेल, तर तिला जवळ बसवून खरं काय ते विचारावं. लग्न नको असेल तर ते सरळ म्हणता येईल असं घर हवं. त्यासाठी गणिताचा आडोसा लागू नये.

हेच मुलांनाही लागू आहे. कॅट तिसऱ्यांदा द्यायला बसवलेला एक मुलगा मला माहीत आहे. त्याला किराणा मालाच्या घाऊक धंद्यात मनापासून रस आहे. पण बायोडेटात "एम.बी.ए." हवं म्हणून त्याची आई त्याला उठवून बसवते. मुलीची पहिली इच्छा दाबायची आणि मुलाच्या डोक्यावर तिसरी लादायची. दोन्हीकडे इच्छा कोणाची, हे आपण विचारतच नाही.

एक गोष्ट मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. १९८१ साली बी. कॉम. झाल्यावर मी बँकेच्या कारकुनी जागेची लेखी परीक्षा दिली होती. थोडक्यात राहिले. पुन्हा जाहिरात आली तेव्हा माझी लग्नाची तारीख ठरलेली होती. वडील वाईट नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "आता कशाला?" आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. संसार चांगला झाला, धर्माचं घर मिळालं, तक्रार नाही. पण इतक्या वर्षांत बँकेत पासबुक भरायला गेले की काउंटरच्या पलीकडे एक क्षण नजर जातेच. मी पास झाले असते की नाही, मला माहीत नाही. नापास झाले असते तरी चाललं असतं. माहीत नाही, हेच टोचतं.

म्हणून परवा रात्री, जेवणं आटोपल्यावर नाही, सूर्यास्ताआधीच्या जेवणाच्या वेळी, सगळे हजर असताना मी बोलले. जाऊबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग नातीला म्हणाल्या, "ती वही दाखव बघू." चष्मा लावून त्यांनी ती पानं चाळली. त्यातलं त्यांना काही कळलं नाही, पण लाल शाईच्या खुणा त्यांनी मोजल्या. "एवढ्या चुका स्वतःच शोधल्यास?" एवढंच विचारलं. फॉर्म भरला गेलाय. स्थळं येतील त्यांना "डिसेंबरनंतर" सांगायचं ठरलंय. परीक्षेनंतर काय होईल ते ज्ञानी जाणे. कदाचित पुन्हा कमी पडेल. तेव्हाही वही उघडू आणि तेव्हाचं तेव्हा ठरवू.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या ओळखीत एखादी मुलगी अशी परीक्षा पुन्हा देत असेल, तर तिला भेटल्यावर "पुन्हा?" असं विचारू नका. तपस्विनीला साता विचारतो तसं तिला विचारा, "अभ्यास कसा चाललाय? काही हवं का?" तिच्या आईला फोन करून स्थळ सुचवायचं असेल तर डिसेंबरपर्यंत थांबा. आणि त्या रविवारी परीक्षा देऊन ती परत येईल तेव्हा तिची आजी असाल तर आधी गरम जेवण वाढा, पेपरचं नंतर विचारा.

संवत्सरीला अजून अवकाश आहे, पण या लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर आजच सांगते, मिच्छामि दुक्कडम्. शब्दांबद्दल क्षमा मागते. म्हणणं मात्र मागे घेत नाही.